अभावाचें उत्तर

एखादी नवी वस्तु आणून जोडली आणि त्यामुळें यंत्र बिघडलें, तर त्याचें कोणास फारसें आश्चर्य वाटत नाहीं. नवा पाहुणा घरांत आला म्हणजे थोडी ओढाताण व्हावयाचीच, असें आपण म्हणतों. परंतु चालू असलेली एक वस्तु केवळ बंद केली, तिच्याकडून अधिक कांहीं मागितलें नाहीं, उलट तिला विश्रांति दिली, आणि तेवढ्यानेंच सारें यंत्र कोसळलें, म्हणजे मात्र बुद्धि थबकते. लॅपटॉपच्या बाबतींत हा प्रकार गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळांच्या अनुभवास आलेला आहे. मनुष्य लिहीत बसलेला असतो. विमान सुटण्याची सूचना होते म्हणून, किंवा बॅटरी जरा पुरवून वापरावी म्हणून, किंवा जगाचे निरोप घटकाभर नकोत म्हणून तो वायफायचें बटण बंद करतो. त्याच क्षणीं पडदा गोठतो, किंवा निळा होऊन त्यावर अगम्य अक्षरें उमटतात, आणि जपून न ठेवलेलें सर्व लिखाण नाहींसें होतें. लिहिण्यासाठीं ज्याला बिनतारी जाळ्याची मुळींच गरज नव्हती, त्याचें लिहिणेंच जाळें सोडल्यामुळें बुडालें.

हा कारागिराचा प्रश्न आहे, वाङ्मयाच्या मासिकांत त्याचें काय प्रयोजन, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. दुरुस्ती कारागिरानें करावी हें खरें. परंतु दुरुस्तीपूर्वी दोष कोणता व तो कोणाचा हें ठरवावें लागतें, आणि तें ठरवितांना विश्वास, अधिकार, जबाबदारी, वचन असे जे शब्द आपल्या तोंडीं येतात ते कारागिराच्या पेटींतले नव्हेत. शिवाय या क्षुल्लक अपघातानें आपल्या एका जुन्या समजुतीस धक्का बसतो. घेणाऱ्यानें विचार करावा, सोडणाऱ्यास कसला विचार, अशी ती समजूत आहे. ती कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं यंत्राच्या आंत थोडें डोकावणें प्राप्त आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. सर्व स्मृति व सर्व उपकरणें यांवर त्याची सत्ता चालते. आपण लिहिण्या-वाचण्यासाठीं वापरतों ते प्रोग्रॅम ओसरीवर बसलेले असतात. त्यांतला एखादा चुकला तर कर्नल तेवढ्यालाच उठवून बाहेर घालवितो आणि बाकीच्यांचें काम अबाधित चालतें. परंतु प्रत्येक उपकरणाशीं त्याच्या त्याच्या भाषेंत बोलणारा ड्रायव्हर नांवाचा एक दुभाषी असतो. विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या रूढ व्यवस्थांत या दुभाष्यास बहुधा थेट माजघरांत प्रवेश असतो. तेथें त्याचा हात चुकला तर तो कर्नलचाच हात चुकल्यासारखें होतें. आतां हा दुभाषी पुष्कळदां उपकरण बनविणाऱ्या कारखान्यांतून आलेला असतो. त्याला आपलें उपकरण चांगलें ठाऊक असतें, घराची रीत तितकी ठाऊक नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं २००१ सालीं लिनक्सच्या कर्नलमधील चुका यंत्राकरवीं मोजल्या, तेव्हां कांहीं जातींच्या चुकांचें प्रमाण उरलेल्या कर्नलपेक्षां ड्रायव्हरांत तीन ते सात पटींपर्यंत अधिक आढळलें.

वायफायचें कार्ड बस नांवाच्या तारांच्या वाटेवर बसविलेलें असतें. ड्रायव्हर त्या वाटेनें प्रश्न पाठवितो व कार्डाच्या एखाद्या कप्प्यांतील अंक वाचून आणतो. मग कार्डच त्या वाटेवरून काढून घेतलें, तर प्रश्नाचें काय होतें? आपली अपेक्षा अशी कीं, कोणी उत्तर दिलें नाहीं एवढें तरी कळावें, निदान शून्य हातीं यावें. पीसीआय नांवाची जी बस सर्वत्र प्रचारांत आहे तिच्यावर तसें होत नाहीं. उत्तर देणारा कोणी नसला म्हणजे वाचणाऱ्याच्या हातीं सर्वच्या सर्व एक पडतात. बत्तीस स्थानांच्या कप्प्यांत असे सर्व एक भरले म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ ही संख्या होते. त्या कप्प्यांत मावूं शकणारी ही सर्वांत मोठी संख्या होय. रिकाम्या घराच्या दारावर हांक मारावी आणि आंतून सगळ्या गांवाचा गलबला ऐकूं यावा, तसा हा प्रकार आहे.

याचा परिणाम कसा होतो पाहा. ड्रायव्हरनें विचारलें, ‘तुझें काम अजून चालू आहे काय? असल्यास एक म्हण.’ उत्तर येतें, एक. तो थांबतो, पुन्हां विचारतो, पुन्हां एक. कार्ड तर केव्हांच गेलेलें आहे, परंतु त्याचें काम संपण्याची वाट पाहत हा दुभाषी माजघराचें दार अडवून उभा राहतो, आणि त्याच्यामागें साऱ्या यंत्राची रांग खोळंबते. पडदा गोठतो तो असा. किंवा त्यानें विचारलें, ‘आलेले निरोप किती?’ आणि उत्तर आलें, चारशें एकोणतीस कोटींहून अधिक. तितके उचलण्यासाठीं तो आपल्या जागेची सीमा ओलांडून परक्या स्मृतींत शिरला. मग कर्नलच्या तें लक्षांत येतें आणि तो सर्वच व्यवहार थांबवितो. तिसरी एक तऱ्हा आहे, तींत कार्ड जागच्या जागींच असतें, फक्त त्याचा आवाज बंद केलेला असतो. ड्रायव्हर आपल्या वह्या मिटून, खोली रिकामी करून निघून जातो. परंतु त्यानें पूर्वीं लावून ठेवलेला एक गजर मागाहून वाजतो, आणि त्या गजराबरहुकूम जो कारभारी उठतो तो आतां दुसऱ्याच कोणाला दिलेल्या खोलींत जाऊन तेथील सामान उलथेंपालथें करतो.

पहिल्या प्रकाराचें एक चांगलें उदाहरण २००७ सालीं तैवानच्या आसुस कंपनीनें काढलेल्या ‘ई पीसी’ या छोटेखानी लॅपटॉपचें आहे. त्याचें वायफाय बंद करण्याचें बटण कार्डाचा नुसता आवाज बंद करीत नसे, तर कार्डालाच बसवरून उठवीत असे. आणि तें उठविल्याची वर्दी रूढ पद्धतीनें कर्नलकडे पोंचत नसे. शेवटीं लिनक्समध्यें या यंत्रासाठीं एक स्वतंत्र योजना करावी लागली. बटण दाबल्याची खूण मिळाली कीं कार्डाच्या जागीं एक प्रश्न टाकावयाचा, आणि उत्तरादाखल सर्व एक आले तर कार्ड गेलें असें समजून ड्रायव्हरला रीतसर निरोप द्यावयाचा.

हा प्रश्न कोणता टाकावा, यांतच सर्व मर्म आहे, आणि येथें आपल्या नैयायिकांची आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं. वैशेषिकांनीं अभाव हा एक स्वतंत्र पदार्थ मानला. जमिनीवर घट नाहीं, हें ज्ञान नुसत्या जमिनीचें ज्ञान नव्हे. त्याचा विषय निराळा आहे. भाट्ट मीमांसकांनीं तर त्यासाठीं अनुपलब्धि हें निराळें प्रमाणच पुढें केलें. नैयायिकांनीं तें प्रत्यक्षांत जमा केलें. हा वाद बाजूस ठेवला तरी एका गोष्टीवर दोघांचेंहि लक्ष होतें. घट दिसत नाहीं एवढ्यावरून घट नाहीं असें म्हणतां येत नाहीं. अंधाऱ्या खोलींत तो असूनहि दिसत नाहीं. जेथें ‘असता तर दिसला असता’ असें म्हणण्याची सोय आहे, तेथेंच न दिसण्यास किंमत आहे. या सोयीस योग्यता म्हणतात. आतां कार्डाच्या कोणत्याहि कप्प्यांत प्रसंगीं सर्व एक असूं शकतील. म्हणून त्या उत्तरावरून कार्डाचा अभाव सिद्ध होत नाहीं. परंतु एक कप्पा असा आहे कीं, त्यांत कार्ड बनविणाराचा क्रमांक असतो, आणि सर्व एक हा क्रमांक कोणत्याहि कारखान्यास द्यावयाचा नाहीं असा संकेतच ठरलेला आहे. कर्नल नेमका तोच कप्पा वाचतो. कार्ड असतें तर हें उत्तर आलें नसतें, असें तेथें निःशंकपणें म्हणतां येतें. ज्यांनीं ही योजना केली त्यांनीं न्यायशास्त्र वाचलें असण्याचें कारण नाहीं. अडचणच त्यांना त्या विचारावर घेऊन आली.

अभावाचे जे चार प्रकार तर्कसंग्रह शिकणाऱ्या विद्यार्थ्यास पाठ करावे लागतात, त्यांपैकीं दोहोंचा येथें विशेष उपयोग आहे. घट होण्यापूर्वींचा त्याचा अभाव तो प्रागभाव. घट फुटल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. ज्या लॅपटॉपमध्यें वायफायचें कार्ड कधींच बसविलें नव्हतें तो खुशाल चालतो. त्याच लॅपटॉपांत कार्ड बसवून, मग तें काढलें, तर तो पडतो. नुसतें पाहणाऱ्यास दोन्ही स्थिति सारख्याच. दोन्हींत कार्ड नाहीं. परंतु पहिल्या अभावाचा कोणी आधार घेतलेला नसतो. दुसऱ्याच्या मागें मात्र दिलेलीं वचनें, लावलेले गजर, अर्धवट सोडलेले प्रश्न असा मोठा संसार असतो. ‘पूर्वीं तुझ्यावांचून चालतच होतें कीं,’ असें जें रागाच्या भरांत माणूस माणसास म्हणतो, तें या कारणानें खोटें असतें. आणि बटणाचा अभाव तर या दोहोंतहि नीट बसत नाहीं, कारण बटण पुन्हां दाबलें कीं कार्ड परत येतें. जमिनीवरून घट उचलून नेला आणि संध्याकाळीं परत आणून ठेवला, तर मधल्या वेळच्या अभावास काय म्हणावें, हा प्रश्न नैयायिकांसहि पडला होता. उत्पत्ति व नाश दोन्ही असलेला एक निराळाच अभाव कित्येकांनीं त्यासाठीं मानला. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनीं फार दिवस जन्म आणि मृत्यु या दोनच घटनांची तरतूद केली होती. घटकाभर उठून जाणें आणि परत येणें हें त्यांच्या हिशेबांत नव्हतें.

मग दोष कोणाचा? ड्रायव्हर लिहिणाऱ्याचा, हें उत्तर सोपें आहे आणि तें अर्धवट आहे. ज्यानें त्याला माजघरांत घेतलें त्याचा कांहींच नाहीं काय? हा वाद १९९२ सालींच जाहीरपणें झाला. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक टॅनेनबाउम यांचें म्हणणें असें कीं, कर्नल अगदीं लहान असावा आणि दुभाष्यांना ओसरीवरच बसवावें. हेलसिंकीचा तरुण विद्यार्थी टॉर्व्हाल्ड्स यानें आपला लिनक्स नुकताच रचला होता, त्यांत सर्वच माजघरांत होते, आणि काम झटपट व सुटसुटीत चालतें हें त्याचें उत्तर होतें. व्यवहारांत लिनक्सची सरशी झाली. टॅनेनबाउम यांनीं २००५ सालीं मिनिक्स ३ ही आपली व्यवस्था पुढें आणली. तींत मेलेल्या ड्रायव्हरला पुन्हां उभा करणारा जो सेवक आहे त्याचें नांव त्यांनीं पुनर्जन्माच्या कल्पनेवरून ठेवलें आहे. एका डच प्राध्यापकाच्या हातून ही कल्पना इतक्या सहजपणें कामास लागावी, याची मौज वाटते.

माजघरांतील विश्वासाची किंमत किती मोठी असूं शकते, हें १९ जुलै २०२४ रोजीं सर्व जगानें पाहिलें. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक प्रोग्रॅमला एक नवी यादी पोंचली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. विमानें खोळंबलीं, रुग्णालयांचे व्यवहार अडले. पुढें कारण असें निघालें कीं, प्रोग्रॅमच्या एका भागाची अपेक्षा एकवीस गोष्टींची होती आणि त्याला पुरविल्या गेल्या वीसच. एकविसावी वाचण्यास तो गेला. पुन्हां अभावच, आणि पुन्हां तो ओळखण्याची तरतूद नाहीं.

परंतु येथें कर्नलच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. निळा पडदा दाखवून थांबणें हा त्याचा अपघात नसतो, तो त्याचा निर्णय असतो. आपल्या स्मृतींत कोणी तरी हात घातला आहे, आतां आपल्या कोणत्याहि वहीवर भरंवसा उरला नाहीं, अशा स्थितींत पुढें लिहीत राहिलों तर डिस्कवरचें जुनें लिखाणहि बिघडेल, असें जाणून तो थांबतो. खोटा हिशेब लिहिण्यापेक्षां वही मिटलेली बरी, ही त्यामागची नीति आहे आणि ती हलकी नव्हे. मल्टिक्स या जुन्या व्यवस्थेवर काम केलेले टॉम व्हॅन व्ह्लेक सांगतात कीं, आपल्या प्रोग्रॅमांतील निम्मा भाग चुका सांवरण्यातच जातो असें त्यांनीं युनिक्सचे डेनिस रिची यांस सांगितलें, तेव्हां रिची यांनीं आपण तो सर्व गाळला असल्याचें कळविलें; चूक झाली कीं यंत्र थांबतें, आणि कोणाला तरी तें पुन्हां चालू करण्यास ओरडून सांगावयाचें. एका खोलींतल्या यंत्रापुरती ही पद्धति शहाणपणाची होती.

तरी थांबण्याच्या या नीतीस एक मर्यादा आहे, आणि ती ४ जून १९९६ रोजीं युरोपच्या एरियान ५ या अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणांत दिसून आली. त्याच्या दिशादर्शक यंत्रांत एक गणित चालू होतें, जें बाण जमिनीवरून सुटल्यानंतर कोणासहि नको होतें. जुन्या एरियान ४ वरून तें तसेंच उचललेलें होतें. त्या नको असलेल्या गणितांत एक संख्या सोळा स्थानांच्या कप्प्यांत मावली नाहीं. नियम असा होता कीं, अशी चूक आढळल्यास यंत्रानें स्वतःस बंद करावें. राखीव यंत्र बंद झालें, मुख्य यंत्रहि बंद झालें, आणि सुमारें चाळीस सेकंदांत बाणाचे तुकडे झाले. चूक लपविली नाहीं, नियम मोडला नाहीं. तरी त्या थांबण्यास प्रामाणिकपणा म्हणण्यास जीभ रेटत नाहीं. कारण ज्याला थांबावयाचें होतें तें गणित एकटें थांबूं शकत नव्हतें. आमच्या मतें वायफायच्या बाबतींत खरा दोष येथेंच आहे. कर्नलनें थांबावें हें योग्य; परंतु एका बाहेरच्या, गरज संपलेल्या सेवकाचें जाणें सर्वांच्या जाण्यावांचून घडूंच शकणार नाहीं अशी घराची बांधणी करणें अयोग्य. अशा घरांत सेवकाला रजा देण्याचें बटण ठेवणें म्हणजे न पाळतां येणारें वचन देणें होय.

मालक हें वचन खरें मानतो. ‘बंद’ असें लिहिलेल्या बटणाचा अर्थ, तुझी इच्छा असेल तर याच्यावांचूनहि तुझें चालेल, असाच तो घेतो, आणि दुसरा कोणता घ्यावा? जोडून घेण्याची मोकळीक सर्वच देतात. सोडण्याची मोकळीक ज्याला शिक्षेवांचून मिळत नाहीं, त्याची पहिली संमतिहि मग संमति राहत नाहीं, कारण ती त्यानें परत घेतां येईल या समजुतीनें दिलेली असते.

लॅपटॉपवाल्याचें नुकसान फार तर चार पानांचें. परंतु हीच बांधणी आतां अशा ठिकाणीं येऊन पोंचली आहे कीं, जेथें बटण दाबण्याचा अधिकारहि माणसाच्या हातीं नाहीं. आपल्या देशांत शिधावाटपाच्या दुकानीं अंगठ्याचा ठसा घेऊन तो दूरच्या नोंदीशीं ताडून पाहणारीं यंत्रें बसविलीं आहेत. डोंगराआड किंवा जंगलाच्या कडेस असलेल्या गांवांत जाळें नाहींसें होतें. यंत्र विचारतें, उत्तर येत नाहीं. आणि धान्य मिळत नाहीं. येथें चूक लॅपटॉपच्या उलट दिशेनें होते. तेथें कोणी नसतांना भरघोस उत्तर ऐकूं आलें असें समजलें गेलें. येथें उत्तर ऐकूं आलें नाहीं म्हणून हक्कच नाहीं असें समजलें जातें. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं म्हणून घट नाहीं, असाच हा निर्णय आहे. नैयायिकाच्या शाळेंतील पहिल्या वर्षाचा विद्यार्थीहि त्यावर विचारील कीं, या बाईस खरोखर हक्क नसता तर यंत्रानें निराळें काय सांगितलें असतें? तें जर निराळें कांहीं सांगत नसेल, तर त्याच्या मौनावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. २०१७ सालीं केंद्र सरकारनें राज्यांना बजावलें कीं, जाळें नाहीं किंवा ठसा जुळला नाहीं एवढ्या कारणानें कोणास शिधा नाकारूं नये, दुसऱ्या मार्गानें ओळख पटवून द्यावा व त्याची नोंद वहींत ठेवावी. म्हणजे अभावासाठीं एक निराळा कप्पा करण्यांत आला. आतां तो वाचण्याची संवय दुकानदारास आणि त्याच्यावरच्या अंमलदारास कितपत लागते, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

एक आक्षेप राहतो, आणि तो जाणत्यांचा आहे. कार्ड आहे कीं नाहीं हें एकदां विचारून भागत नाहीं. विचारल्यानंतर आणि वापरण्यापूर्वीं, त्या दोन क्षणांच्या मधल्या फटींतहि तें जाऊं शकतें. तेव्हां प्रत्येक उत्तर हातीं येतांच तें सर्व एक आहे काय असें पाहावें लागेल, आणि ड्रायव्हरच्या हजारों ओळींत ही चाचणी कोण घालीत बसणार? काम कंटाळवाणें आहे, यांत संशय नाहीं. खर्चाचें म्हणाल तर बसवरून एक अंक वाचून आणीपर्यंत प्रोसेसरला शेंकडों ठोके ताटकळावें लागतें. आणलेला अंक सर्व एक आहे काय हें पाहण्यास त्याला एक-दोन ठोके पुरतात.